डोळे हलत असोत वा नसोत

१९१३ साली ब्रिटिश सरकारने कामगार भरपाई कायद्याच्या रोगांच्या यादीत एक छोटी दुरुस्ती केली. खाणकामगारांना होणारा निस्टॅगमस हा डोळ्यांचा रोग त्या यादीत आधीपासून होता. बुबुळे सारखी थरथरत राहणे, हेच त्याचे ओळखीचे लक्षण. डॉक्टर कामगाराला उजेडाकडे बघायला सांगत, बुबुळे हलताना दिसली की रोग सिद्ध होई. दुरुस्तीने ही कसोटीच बदलली. बुबुळांची थरथर दिसत असो वा नसो, खाणकामगारांचा निस्टॅगमस म्हणून जो रोग ओळखला जातो तो झाला असेल तर भरपाई मिळेल, असे नव्या मजकुरात लिहिले होते.

डोळ्यांचा रोग, पण डोळ्यांत काही दिसले नाही तरी चालेल, अशी ही तरतूद. तो मजकूर लिहिणाऱ्यांना एक गोष्ट नाइलाजाने मान्य करावी लागली होती. खाणीतून आजारी होऊन वर येणाऱ्या माणसांचे दुखणे डोळ्यांपुरते नव्हते. कित्येकांची थरथर काही महिन्यांच्या विश्रांतीने थांबे. तरीही त्यांना झोप लागत नसे, उजेड सोसवत नसे, माणसांत बसवत नसे आणि पुन्हा खाली उतरायचे म्हटले की अंगाला घाम सुटे. या सगळ्याला कायद्यात वेगळे नाव नव्हते. मग ते डोळ्यांच्या नावाखालीच नोंदले गेले. खाणकामगाराचे मन सरकारी कागदावर आले ते असे, डोळ्यांच्या आडोशाने. पुढची तीसएक वर्षे तो आडोसा कुणी काढून घ्यायचा आणि कुणी टिकवायचा, यावरून डॉक्टर, खाणमालक, विमा कंपन्या आणि कामगार संघटना झगडत राहिल्या.

या रोगाचे पहिले वर्णन १८६१ साली बेल्जियममध्ये झाले. ब्रिटनमध्ये तो पसरला तो सुरक्षा दिव्याबरोबर. १८१२ साली फेलिंगच्या खाणीत स्फोट होऊन ९२ माणसे मेली आणि त्यानंतर तीन वर्षांनी हम्फ्री डेव्हीने जाळीचा दिवा तयार केला. ज्योतीभोवती बारीक तारेची जाळी असल्यामुळे बाहेरच्या मिथेन वायूला आग लागत नसे. त्या दिव्याने असंख्य जीव वाचवले, यात शंका नाही. पण ज्या जाळीने ज्योत अडवली तिनेच उजेडही अडवला. दिवा धुळीने माखला की त्याचा प्रकाश एका मेणबत्तीहूनही कमी पडे. समोर काळा कोळसा, तो आलेला उजेडही गिळून टाकणारा. इतक्या अंधुक प्रकाशात डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग, ज्याने आपण एखादी वस्तू नेमकी रोखून पाहतो, तो कामच करत नाही. नजर कुठे टेकवावी हेच डोळ्याला कळेनासे होते आणि बुबुळे भटकू लागतात.

काम करायची तऱ्हाही विचित्र होती. थर जेमतेम दोन-अडीच फूट जाडीचा असेल तर कामगार एका कुशीवर आडवा होई, खांद्यावर भार टाकी आणि थराच्या पायथ्याशी कुदळीने खोल खाच पाडत जाई. मान मुरगळलेली, नजर तिरपी वर. शेफील्डचे नेत्रवैद्य सिमियन स्नेल यांनी अशी शेकडो माणसे तपासली आणि १८९२ साली पुस्तक लिहून सांगितले की या आडव्या अवस्थेमुळेच डोळ्यांचे स्नायू थकतात. दुसऱ्या बाजूने टी. लिस्टर लुएलिन यांच्यासारखे डॉक्टर म्हणत होते की खरा दोष उजेडाचा. ज्या खाणींत वायू नसल्यामुळे उघडे दिवे चालत, तिथेही माणसे आडवी होऊनच कोळसा कापत. तरी तिथे हा रोग क्वचित दिसे. लुएलिन यांचे हे निरीक्षण मला निर्णायक वाटते. पण वाद पुष्कळ वर्षे चालला, आणि तो निव्वळ शास्त्रीय नव्हता. शरीराची ठेवण ही कामाचीच गरज म्हणून सोडून देता येत होती. उजेडाचे तसे नव्हते. हजारो नवे दिवे घ्यायचे तर मालकाला पैसे मोजावे लागले असते.

हा रोग साधारण चाळिशीच्या आसपास उघड होई. बारा-तेराव्या वर्षी खाणीत उतरलेला मुलगा तोवर पंचवीसएक वर्षांचा अनुभवी कामगार झालेला असे. पाळी संपवून वर आल्यावर रस्त्यावरचे दिवे नाचताना दिसत. घरी जाताना तोल जाई, लोकांना वाटे प्यायला आहे. डोके ठणके, पापण्या फडफडत, भर दुपारी डोळे मिटून भिंतीच्या आधाराने चालावे लागे. मग झोप उडे. झोप लागलीच तर छत अंगावर येण्याची स्वप्ने पडत. चिडचिड, रडू, एकटे बसावेसे वाटणे, मोठ्या आवाजाने दचकणे.

हे नुसते मनाचे खेळ नव्हते. खाणीतला माणूस डोळ्यांवर आणि कानांवर जगतो. छताला नवी भेग पडली आहे का, लाकडी टेकू वाकतो आहे का, हे त्याला बघावे लागते. हवेत मिथेन आहे का, हे तो दिव्याची वात खाली करून बघे. ज्योतीच्या टोकावर फिकट निळी टोपी दिसली की वायू आहे, आणि टोपी जितकी उंच तितका जास्त. ज्याची बुबुळे थरथरतात त्याला ज्योतच नाचताना दिसते. निळी टोपी आहे की नाही, हे तो कसे सांगणार? आपण धोका ओळखू शकत नाही, हे कळलेल्या माणसाला रोज पहाटे पिंजऱ्यात बसून शेकडो फूट खाली जावे लागत होते. अशा माणसाला भीती वाटणे हा त्याच्या बुद्धीचाच पुरावा आहे, असे मी म्हणेन. पुढे ज्या डॉक्टरांनी या भीतीला स्वभावदोष ठरवले त्यांनी या निळ्या टोपीचा विचार केला असता तर बरे झाले असते.

१९०६ च्या कायद्याने अपघातांबरोबर काही व्यवसायजन्य रोगांनाही भरपाई लागू झाली आणि पुढच्याच वर्षी त्यात निस्टॅगमस आला. भरपाई म्हणजे निम्मी मजुरी, तीही आठवड्याला एक पौंडाच्या आतच. सुरुवातीला काही शेकडा माणसांना ती मिळाली. पहिले महायुद्ध संपल्यानंतर हा आकडा हजारांत गेला. दिवे तेच, थर तेच, मग रोगी इतके कसे वाढले? मालकांचे उत्तर तयार होते: पैसे मिळतात म्हणून. कामगार संघटना म्हणत की आधीही रोगी होतेच, पण तेव्हा नोंद करून मिळत काही नसे, उलट काम जाई, म्हणून माणसे लपवत. मला दुसरे उत्तर बरेचसे पटते, पण त्याने सगळा प्रश्न सुटत नाही. त्याकडे पुढे येतो.

१९१३ हे वर्ष दुसऱ्या दोन कारणांनीही ध्यानात ठेवण्यासारखे आहे. त्याच वर्षी सर जॉन कॉली यांचे सोंग आणि खोट्या आजारांवरचे जाडजूड पुस्तक निघाले. भरपाई मागणाऱ्या कामगाराला पकडायचे कसे, हे त्यात डॉक्टरांना शिकवले होते. आणि त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला साउथ वेल्समधल्या सेंगेनिड गावच्या खाणीत स्फोट होऊन ४३९ कामगार मेले, शिवाय बचावासाठी गेलेला एकजण. याच खाणीत १९०१ साली ८१ माणसे गेली होती. एकाच गावात बारा वर्षांत दोनदा असे घडले. चौकशीनंतर व्यवस्थापकाला झालेला दंड होता २४ पौंड. त्या गावात जी माणसे वाचली, ज्यांनी भाऊ, बाप, शेजारी बाहेर काढले, त्यांच्या मनाचे काय झाले, याची नोंद ठेवायची सोय कोणत्याही कायद्यात नव्हती.

अशी नोंद ठेवण्याचा एक प्रयत्न युरोपात मात्र नुकताच झाला होता. उत्तर फ्रान्समधल्या कुरिएर कंपनीच्या खाणींत १० मार्च १९०६ च्या सकाळी कोळशाच्या धुळीचा स्फोट झाला आणि मैलोन्‌मैल पसरलेल्या बोगद्यांतून आग सुसाटली. १०९९ माणसे मेली. त्यात पुष्कळ कोवळी पोरे होती. युरोपच्या इतिहासातला हा सर्वांत मोठा खाण अपघात. तिसऱ्या दिवशी कंपनीने खाली कुणी जिवंत नाही असे धरून शोध थांबवला आणि आग विझवण्याकडे, म्हणजे खाण वाचवण्याकडे, लक्ष दिले. आणि ३० मार्चला, वीस दिवसांनी, तेरा माणसे आपल्या पायांनी वर आली. अंधारात चाचपडत, मेलेल्या घोड्याचे मांस खाऊन, टेकूंच्या लाकडाची साल चघळून ती जगली होती. ४ एप्रिलला आणखी एक जण बाहेर आला. कंपनीने शोध थांबवला तेव्हा खाली माणसे जिवंत होती, हे तेव्हा साऱ्या फ्रान्सला कळले. मृतांना पुरल्यावर लगेच सुरू झालेला संप या बातमीने आणखी भडकला आणि गृहमंत्री क्लेमांसो यांनी तो मोडायला हजारो सैनिक धाडले.

या अपघातातून वाचलेल्यांपैकी काहींना स्वित्झर्लंडमधले तरुण डॉक्टर एदुआर्द श्टिअर्लिन यांनी तपासले आणि १९०९ साली निष्कर्ष छापले. झोपमोड, दुःस्वप्ने, किरकोळ कारणाने दचकणे, तीच दृश्ये पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे येणे. आज वैद्यकशास्त्र ज्याला आघातोत्तर ताण म्हणते त्याचे हे बरेच आधीचे वर्णन आहे. श्टिअर्लिन यांचे म्हणणे असे की जबर भीती एकटीच, शरीराला इजा नसताना आणि स्वभाव मुळात दुबळा नसतानाही, माणसाला दीर्घकाळ आजारी करू शकते. जर्मनीत १८८९ सालापासूनच आघाताने जडलेल्या मनोविकाराला विम्याची भरपाई मिळत होती. पण तिथले बहुतेक मानसोपचारतज्ज्ञ याच्या विरोधात गेले. पेन्शनची आशा हाच खरा रोग, असे ते म्हणू लागले आणि १९२६ साली जर्मन विमा मंडळाने हा दरवाजा बंद केला. डोळ्यांसारखा एखादा साक्षीदार अवयव नसला की मनाच्या दाव्याचे काय होते, ते इथे दिसते.

ब्रिटनमध्ये साक्षीदार होता, म्हणून दावा टिकला. पण महायुद्धाने डॉक्टरांची नजर बदलली. खंदकांतून परतलेले हजारो सैनिक थरथरत होते, बोलू शकत नव्हते, रात्री किंचाळून उठत होते, आणि त्यांच्या मेंदूत जखम सापडत नव्हती. एडिंबराजवळच्या क्रेगलॉकहार्ट इस्पितळात त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांत डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स होते. निलगिरीतल्या तोडा जमातीवर ग्रंथ लिहिणारे मानववंशशास्त्रज्ञ तेच. शूर माणसालाही भीती आजारी पाडते आणि ती दडपायला लावली की आजार वाढतो, हे त्यांनी दाखवून दिले. युद्धानंतर हेच ज्ञान खाणकामगारांना लावून पाहिले गेले. खाणीत वर्षानुवर्षे दडपलेली भीती आणि खंदकातली भीती यांत साम्य आहे, असे काही डॉक्टर बोलू लागले.

वैद्यकीय संशोधन परिषदेने निस्टॅगमससाठी समिती नेमली, अध्यक्ष जे. एस. हाल्डेन. पुढे भारतीय नागरिकत्व घेतलेल्या जे. बी. एस. हाल्डेन यांचे हे वडील. विषारी वायूंचे प्रयोग स्वतःवर करणारे, खाणीत कॅनरी पक्षी न्यावा असे सुचवणारे. १९२२ सालच्या पहिल्या अहवालात समितीने उजेडाचा वाद निकालात काढला. अपुरा प्रकाश हेच मूळ कारण, शरीराची ठेवण आणि बाकीच्या गोष्टी दुय्यम. पण त्याच अहवालाने दुसरेही सांगितले. नुसत्या बुबुळांच्या थरथरीने माणूस फारसा निकामी होत नाही. थरथर असूनही कित्येकजण काम करत राहतात. पार निकामी होतात ते त्याच्या जोडीने मनोविकार जडलेले. १९३२ च्या तिसऱ्या अहवालापर्यंत ही मानसिक बाजूच मुख्य होऊन बसली होती.

खाणकामगाराचे मनही आजारी पडते, हे शास्त्राने मान्य करणे ही खरे तर मोठी गोष्ट. पण ती कोणत्या वर्षांत मान्य झाली, ते बघायला हवे. कोळशाची बाजारपेठ कोसळली होती. १९२६ साली मालकांनी मजुरी कापून तास वाढवले, खाणींना टाळे लावले, आणि सात महिन्यांच्या उपासमारीनंतर कामगार हरले. लाखो माणसे बेकार होती. अशा वेळी रोग मनाचा ठरला की मालकाच्या वकिलाला एक सोपा प्रश्न विचारता येई: मनाचा रोग खाणीने दिला कशावरून? तो स्वभावातच नसेल कशावरून? श्टिअर्लिन आणि रिव्हर्स यांनी भीतीला दिलेला मान इथे उलटा वापरला गेला. १९३६ साली एडिंबराच्या वैद्यकीय मासिकात एका डॉक्टरचा लेख आला. त्याचे शीर्षकच खाणकामगाराला रोगट मनाचा ठरवणारे होते.

आता तो मागे ठेवलेला प्रश्न. पैशाचा या आजाराशी काही संबंध होता का? होता, असे मला वाटते, पण मालक म्हणत तसा नव्हे. व्यवस्थाच अशी होती की तिच्यात अडकलेला माणूस बरा होणे अवघड. प्रमाणपत्र मिळाले की त्याला खाली जायला बंदी. वर हलके काम मिळाले तर भरपाई कापली जाई, आणि हलकी कामे होती तरी किती? बरा झालो असे म्हणावे तर भरपाई बंद, आणि एकदा निस्टॅगमस झालेल्या माणसाला दुसरा मालक ठेवून घ्यायला तयार नसे, कारण रोग उलटला तर भरपाई त्याच्या माथी. म्हणून काहीजण आजार लपवून खाली उतरत राहिले आणि काहीजण घरी बसून आजाराचा पुरावा जपत राहिले. दर काही महिन्यांनी डॉक्टरांपुढे उभे राहून आपण अजून आजारी आहोत हे सिद्ध करायचे. ज्याला पोटासाठी वर्षानुवर्षे आजारीच दिसावे लागते, त्याचे मन ताळ्यावर कसे राहावे? ग्लासगोचे डॉक्टर जेम्स हॅलिडे यांनी तीसच्या दशकात आजारपणामुळे विम्याच्या रजेवर असलेल्या कामगारांची तपासणी केली तेव्हा सुमारे एकतृतीयांश लोकांचा आजार मुळात मानसिक असल्याचे त्यांना आढळले. बेकारी, अपमान आणि अनिश्चितता यांच्याशी त्यांनी तो जोडला.

जॉर्ज ऑरवेल १९३६ साली विगनला गेले तेव्हा निस्टॅगमसने निकामी झालेल्या एका वृद्ध खाणकामगाराची त्यांची ओळख झाली. आठवड्याचे पैसे घ्यायला त्याला कंपनी सांगेल त्या वेळी खाणीवर जावे लागे आणि थंड वाऱ्यात ताटकळत उभे राहावे लागे. तो पैसा त्याच्या हक्काचा होता, तरी भीक दिल्यासारखा हातात पडे, हे ऑरवेलना सर्वांत झोंबले. डॉक्टरांच्या अहवालांत सापडत नाही ते कारण इथे सापडते.

निस्टॅगमसचा शेवट शांतपणे झाला. डोक्यावर बांधायचे विजेचे दिवे आले, पट्ट्याला बॅटरी, कपाळावर झोत, जिकडे मान तिकडे उजेड. ते सर्वत्र पोहोचले तसा रोग ओसरला. १ जानेवारी १९४७ रोजी ब्रिटनच्या खाणी राष्ट्राच्या मालकीच्या झाल्या आणि पन्नासच्या दशकापर्यंत नवा रोगी दुर्मीळ झाला. लुएलिन यांचे म्हणणे दिव्यानेच खरे ठरवले. पण रोगाबरोबर त्याच्या नावाखाली नोंदल्या जाणाऱ्या निद्रानाशाची, भीतीची, उदासीची जागाही कागदावरून गेली. छत कोसळायचे थांबले नव्हते, स्फोट थांबले नव्हते. फक्त ज्या आडोशाने मन दवाखान्यात येत होते, तो आता उरला नाही.

आपल्याकडेही खाणकामगाराचे मन सरकारी यादीत आले ते अशाच दुसऱ्या वाटेने. नागपूर, भंडारा आणि मध्य प्रदेशातला बालाघाट या पट्ट्यात विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून मँगेनीज काढले जाते. मनसर, कांद्री, गुमगाव, चिखला, डोंगरी बुजुर्ग ही नावे विदर्भातल्या वाचकाला सांगायला नकोत. मँगेनीज काढणाऱ्या मॉइल कंपनीचे मुख्यालय नागपुरातच आहे. या धातूची धूळ वर्षानुवर्षे श्वासातून गेली तर मेंदूच्या खोल भागात साचते. पुढे चाल अडखळते, चेहरा निर्विकार होतो, बोलणे पुटपुटण्यासारखे होते. ग्लासगोच्या एका कारखान्यात मँगेनीज दळणाऱ्या मजुरांत जॉन कूपर यांनी ही लक्षणे १८३७ सालीच नोंदवली होती. पण खाणींत, विशेषतः सुरुंगासाठी भोके पाडणाऱ्या कामगारांत, रोगाची सुरुवात बरेचदा मनापासून होते. उगीच हसू, उगीच रडू, झोप नाही, भास होतात, शांत माणूस अंगावर धावून जातो. चिलीच्या खाणींत लोकांनी याला मँगेनीजचे वेड असेच नाव दिले. मोरोक्कोतल्या कामगारांची हीच कहाणी १९५५ साली रोदिए यांनी लिहिली.

चिलीच्या त्या माणसांचा अभ्यास अमेरिकेत राहणारे ग्रीक डॉक्टर जॉर्ज कोट्झियास यांनी केला. कंपवातावर एल-डोपा हे औषध मोठ्या मात्रेत चालते, हे १९६७ साली दाखवणारे तेच. आजारी कामगारांच्या शरीरात मँगेनीज शिल्लक असेलच असे नाही, असे त्यांना आढळले. धातू निघून जातो, इजा राहते. म्हणजे दहा वर्षांपूर्वी खाण सोडलेल्या माणसाच्या रक्तात पुरावा शोधायला गेले तर तो सापडेलच असे नाही. १९१३ सालचा थरथर न दिसणारा डोळा इथे वेगळ्या रूपात पुन्हा समोर येतो.

भारताच्या १९५२ च्या खाण कायद्याच्या २५ व्या कलमाखाली जे रोग सरकारला कळवावे लागत, त्यांत सिलिकोसिस होता, फुप्फुसात धूळ साचण्याचे रोग होते, अॅस्बेस्टॉसिस होता, आणि मज्जासंस्थेवर परिणाम करणारी मँगेनीजची विषबाधाही होती. धातूमुळे हसू-रडू आवरत नसेल तर त्या माणसाची नोंद होई. सोबत्यावर छत कोसळताना पाहून ज्याची झोप गेली, त्याच्यासाठी त्या यादीत रोग नव्हता. चंद्रपूर, वणी, उमरेडच्या कोळसा खाणींत आणि भंडाऱ्याच्या मँगेनीज खाणींत पाळ्या रोज बदलतात. ठरावीक वर्षांनी होणाऱ्या वैद्यकीय तपासणीत या कामगारांची छाती, कान आणि डोळे बघितले जातात. त्याच खोलीत, त्याच डॉक्टरला, झोप कशी लागते हेही विचारता येईल, आणि आलेले उत्तर त्याच फॉर्मवर लिहिता येईल.